अकरा फोटोंत एकच मुलगी

खोटं तुम्ही लिहिलंत, साहेब, आणि खोटारडी ठरवलंत साडेसहा वर्षांच्या पोरीला. ‘सदर मुलगी सदर घरात राहत असल्याचा पुरावा आढळून येत नाही.’ एवढं एकच वाक्य, वर सरकारी गरुडाचं चित्र, खाली तुमची वळणदार सही. आढळून येत नाही म्हणे! अहो, हरवलेली चप्पलसुद्धा वाकून बघितल्याशिवाय आढळत नाही. तुमच्या कचेरीपासून बांग मारुम अर्ध्या तासाच्या वाटेवर, आणि वाटेत बदकाची नूडल्स मिळणारी दोन चांगली दुकानं. आलात कधी? नाही ना? मग बसल्या खुर्चीत ऐका.

सायसुनीला हे घर सापडलं ते केळीच्या बुंध्यावर. तिचा नवरा थाविन एसी दुरुस्त करतो. बँकॉकच्या पश्चिमेला चौपदरी रस्ता संपतो आणि भातखाचरं सुरू होतात, तिथल्या एका नव्या बंगल्यात तो कामाला निघाला होता. रविवार होता म्हणून बायको आणि पोरगी व्हॅनमध्ये हवा खायला बसल्या होत्या. कालव्याच्या कडेने वळताना केळीला सुतळीने बांधलेला पुठ्ठा दिसला : ‘घर भाड्याने देणे. कुटुंबालाच. दारुडे आणि कोंबडे झुंजवणारे यांनी फोन करू नये.’

“थांब, थांब, थांब!” सायसुनी ओरडली.

“काय झालं? कुत्रं आलं का खाली?”

“घर आलं.”

थाविनने ब्रेक दाबला. मागची शिडी धाडकन पुढे आली आणि खिंग खिदळायला लागली. खिंग म्हणजे आलं, चहात घालतात ते. पोरगी जन्मली तेव्हा इतकी वेडीवाकडी आणि पिवळी दिसत होती की आजीने पहिल्याच दिवशी ते नाव ठेवलं. कागदावरचं नाव कन्निका, पण त्या नावाने तिला फक्त डॉक्टर हाक मारतो, तेही सुई टोचायच्या आधी.

सायसुनीचा धंदा शर्टांवर नावं भरायचा. शाळेचा पांढरा शर्ट म्हटला की एका बाजूला शाळेची अक्षरं, दुसऱ्या बाजूला पोराचं नाव, दोन्ही निळ्या दोऱ्यात. आठ वर्षं ती बँकॉकमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत मशीन चालवत होती. खालचा माणूस छताला झाडू ठोकायचा, वरचा पाय आपटायचा, आणि मधे ही बाई लोकांच्या पोरांची नावं भरायची. तिला एक अंगण हवं होतं. भिंतीपलीकडे कोणी खोकलं तर ऐकू येणार नाही, असं घर.

आणि हे घर तसं होतं. एकमजली, लाल पत्र्याचं, पुढे सिमेंटचा ओटा, दारात आंबा, कोपऱ्यात खांबावर जागेवाल्याचं, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाचं, छोटं घर. मागे कालवा, कालव्यापलीकडे शेतं. घरमालकीण पा समोन उन्हात छत्री धरून उभी होती. पासष्टीची बाई, केस डांबरासारखे काळे केलेले. सगळी गल्ली तिला पा, म्हणजे थोरली मावशी, म्हणते आणि तीही सगळ्या गल्लीच्या संसारात मावशीसारखीच नाक घालते.

“आंब्याची फांदी तोडायची नाही. फळं निम्मी माझी,” पा समोनने अटी सांगायला सुरुवात केली. “जागेवाल्याला रोज पाणी आणि गुरुवारी लाल सोडा. हिरवा चालत नाही. मागच्यांनी एकदा हिरवा ठेवला, तर पंपच जळला.”

“आणि?” थाविनने विचारलं.

“आणि मे महिन्यात एका शनिवारी माझी थोडी पाहुणेमंडळी येतील. सकाळच्यापुरती. अंगण तेवढं झाडून ठेवा.”

“येऊ देत की, पा,” सायसुनी म्हणाली. “पाहुण्यांनी घर भरलेलं बरं.”

हे वाक्य तिला पुढे फार महागात पडलं. पण तेव्हा तिचं लक्ष मालकिणीकडे नव्हतंच. मागच्या दारातून तिला कालव्यावरचा साकव दिसत होता, आणि साकवापलीकडे शाळा.

त्या शाळेबद्दल तुम्हाला सांगायला नको, साहेब, तुमच्याच ओळखीतली चार पोरं तिथे शिकत असतील. हेडमास्तर पोरांना कालव्यात पोहायला शिकवतात, भात लावायला लावतात, आणि तरीही गणितात ती पोरं शहरातल्यांच्या पुढे. तीस-तीस किलोमीटरवरून सकाळी गाड्या येतात. खिंगने पहिल्याच दिवशी मागच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत पावलं मोजली. एकशे त्रेचाळीस. साकवावर उडी मारली तर एकशे चाळीस.

फेब्रुवारीत ते राहायला आले. थाविनने मशीन खांद्यावरून उतरवलं आणि सायसुनीने सगळ्यांत आधी खिंगला जागेवाल्यासमोर उभं केलं. “सांग त्याला, आपण कोण ते.”

खिंगने हात जोडले. “मी खिंग. ही आई, हा बाबा. आम्ही आता इथे राहतो. आईच्या मशीनचा आवाज होतो. झोपमोड झाली तर सांगा.”

जागेवाल्याने कुठलाही दाखला मागितला नाही. लाल सोडा घेतला आणि गप्प बसला.

दाखला लागत होता तो शाळेला. त्या शाळेत जायचं तर पोराचं नाव आसपासच्या एखाद्या घराच्या निळ्या पुस्तकात पाहिजे. घर क्रमांक, त्याखाली राहणाऱ्यांची नावं, असं ते पुस्तक. आणि खिंगचं नाव होतं तिच्या आजीच्या पुस्तकात, रोइ-एतला, पाचशे किलोमीटरवर. म्हणजे तुमच्या हिशोबाने ही पोरगी रोज रात्री रोइ-एतला झोपायची आणि सकाळी उठून बांग मारुमला दात घासायला यायची.

पुस्तक मालकाकडे असतं. सायसुनीने पा समोनकडे ते मागितलं.

पहिल्यांदा पुस्तक पा समोनच्या बहिणीकडे होतं. दुसऱ्यांदा त्याला वाळवी लागली होती. तिसऱ्यांदा सायसुनी कैऱ्या कापून, तिखटमीठ-साखर घेऊन आंब्याखाली बसली आणि म्हणाली, “पा, वाळवीने माझ्यापुरतं एक पान ठेवलं असेल तर बघू तरी.”

पा समोनने एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली, मग उसासा टाकून पिशवीतून पुस्तक काढलं. ते पहिल्यापासून पिशवीतच होतं.

घर क्रमांक ८८/७. पहिलं नाव पा समोनचं, घरधनी म्हणून. त्याखाली अकरा नावं. सगळी पोरांची. सायसुनी वाचत गेली आणि तिचं बोट थांबायला लागलं. चौथं नाव तिने गेल्या आठवड्यात भरलं होतं. सहावं आणि सातवं, ती जुळी, त्यांचे शर्ट आत इस्त्री करून ठेवले होते.

“पा, ही माझ्याच घरात राहतात?”

“कागदावर गं.”

“अकरा पोरं? आईबापांशिवाय? हे वाचणाऱ्याला वाटेल तू अनाथालय चालवतेस.”

“हसू नकोस. भीड पडते. ही जुळी दातांच्या डॉक्टरची. माझे वरचे चार दात त्याने बसवलेत. आता तो खुर्चीवर मला आडवी करून, तोंडात यंत्र घालून विचारतो, पा, पोरांची नावं घ्याल का? मी नाही कशी म्हणू? तोंड तरी मिटता येत होतं का?”

“आणि हा?”

“गोल्फ. गाड्यांच्या दुकानवाल्याचा. माझ्या भाचीला त्याने नोकरी दिली. ही पोलिसाची मुलगी. हा बँक, हो, नावच तसं, त्याची आई देवळात माझ्या शेजारी बसते. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. बोललीसुद्धा नाही!”

बांग मारुममध्ये देऊळ एक आहे, पण राज्य चालतं भिडेचं. कोणाला नाही म्हणायचं म्हणजे इथल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. पूर आला तर लोक कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून शेजाऱ्याला म्हणतील, ‘तुमचं आधी होऊ द्या.’ पा समोन वाईट बाई नव्हती. ती फक्त अकरा नावांना नाही म्हणू शकली नव्हती, आणि बाराव्या नावाला जागा संपली होती.

“यातलं एक काढ,” सायसुनी म्हणाली. “एकच.”

“कोणाला काढू, तूच सांग. काढलं तर माझे दात कोण बघणार?”

“पा, ती पोरगी तुझ्या अंगणात झोके घेते. तुझ्या निम्म्या कैऱ्या तिनेच तुझ्या दारात आणून दिल्या.”

“कळतं गं मला.” पा समोनने पुस्तक पिशवीत ठेवलं. “तू कचेरीत जा. त्यांनी सांगितलं तर मी सही करीन. मी स्वतःहून नाही करणार. मला या गल्लीत मरायचंय.”

म्हणून सायसुनी तुमच्या कचेरीत आली, साहेब. मार्चची नऊ तारीख. तुमचा कारकून संगणकात डोकं घालून बसला होता.

“पुस्तक भरलं,” तो म्हणाला. “त्या घराच्या मापात बाराच माणसं बसतात.”

“बसतात कुठे? त्यातलं एकही बसत नाही तिथे. मी बसते!”

“बाई, कागदावर बसतात.”

“मग माप पण कागदावरच्या माणसांचं घ्या ना. ती पातळ असतात, आणखी एक मावेल.”

मागच्या रांगेतली दोन माणसं हसली. कारकून हसला नाही. “लेखी अर्ज द्या. पुरावा जोडा.”

तिने काय काय जोडलं ते तुमच्या फायलीत असेल. भाड्याचा करार. खिंगचा ओट्यावरचा फोटो. शेजारच्या बदकवाल्याची चिठ्ठी, की ही मुलगी रोज माझ्या बदकांना नावं ठेवते आणि आता मला ती विकवत नाहीत. तीन आठवड्यांनी तुमचं ते एका वाक्याचं पत्र आलं. कारण विचारलं तर कारकून म्हणाला : करार खाजगी आहे. फोटो कुठलाही असू शकतो. बदकवाला सरकारी माणूस नाही.

थाविन म्हणाला, “जाऊ दे. बँकॉकच्या जुन्या खोलीजवळची शाळा घेईल. मी सकाळी पाचला सोडीन.”

“झोपेत सोडशील का तिला? एकशे त्रेचाळीस पावलांवर शाळा आहे, आणि पोरगी अंधारात व्हॅनमध्ये शिडीखाली झोपून जाणार?”

“मग काय करायचं? भांडायचं? पा घर काढून घेईल.”

त्यालाही भीड. सायसुनीने आतून एक नवा पांढरा शर्ट आणला आणि मशीनवर घेतला. एका बाजूला निळ्या दोऱ्याने भरलं : कन्निका. दुसरी बाजू, शाळेच्या अक्षरांची, मोकळी ठेवली. खिंगला वाटलं शर्ट पूर्ण झाला. ती तो घालून कोंबड्यांसमोर कवायत करून आली.

आता तो मे महिन्यातला शनिवार.

सकाळी सात वाजता पा समोन नवा झगा घालून, हातात कागद घेऊन हजर. “अंगण झाडलंस? शाब्बास. हे बघ, मी वेळा लावून दिल्यात. वीस-वीस मिनिटं.”

“कसल्या वेळा, पा?”

“घरभेट गं! शाळेची बाई येते ना दर वर्षी. पोर कुठे राहतं, कसं राहतं, बघून फोटो काढते. पोर, आईबाप आणि मागे घराचा नंबर.”

सायसुनीला समजायला थोडा वेळ लागला. मग सगळं समजलं. “म्हणजे ती अकरा पोरं आज इथे राहायला येणार. माझ्या ओट्यावर.”

“वीस मिनिटं राहायला.”

तिला फाटकाला कुलूप लावावंसं वाटलं. किल्ली हातातही घेतली. पण तेवढ्यात पहिली गाडी वळणावर आली, मोठी पांढरी, तिच्या मागे काळी, तिच्या मागे आणखी दोन. लोकांनी पा समोनचा कागद वाचला होता, पण प्रत्येकाला वाटलं होतं आपण लवकर जाऊन मोकळे व्हावं. गल्ली एवढीशी. चौथी गाडी, गोल्फच्या बापाची, जमिनीला पोट टेकलेली, बाजू घ्यायला गेली आणि सरळ खाचरात उतरली. चाकं फिरली आणि चिखल उडून पोलिसाच्या धुतल्या शर्टावर बसला.

“थाविन!” पा समोन किंचाळली. “दोर आण!”

थाविन दोर घेऊन धावला. अकरा पोरांची दहा कुटुंबं गल्लीत, टाचांच्या चपला हातात, पोरं इस्त्रीच्या शर्टांत. शर्टांवर सायसुनीने भरलेली नावं. आपलंच काम आपल्याच अंगणात रांगेने उभं आहे, हे बघून ती हसायला लागली. राग होताच, पण हसू आधी आलं.

तेवढ्यात ख्रू ओरावान स्कूटरवरून आल्या. ख्रू म्हणजे मास्तरीण. पहिलीच्या बाई, पन्नाशीच्या, डोक्यावर शेतकऱ्याची रुंद टोपी, पुढच्या टोपलीत फॉर्मांचा गठ्ठा. गाड्यांकडे त्यांनी पाहिलं, खाचराकडे पाहिलं, आणि चेहरा असा ठेवला की जणू एका घरापुढे दहा गाड्या रोजच असतात. त्यांना सगळं माहीत होतं. सगळ्यांनाच सगळं माहीत असतं, साहेब, म्हणून तर कोणी काही बोलत नाही.

“कोणापासून सुरू करायचं?” त्यांनी विचारलं.

डॉक्टर पुढे झाले. जुळी ओट्यावर बसवली, स्वतः मागे उभे, बायको शेजारी, वर ८८/७ ची पाटी. ख्रू ओरावाननी मोबाइल वर केला. आणि तेव्हाच खिंग आतून बाहेर आली. हातात ट्रे, ट्रेमध्ये पाण्याचे पेले. अंगात तो पांढरा शर्ट. घरी पाहुणे आले की पाणी द्यायचं, हे तिला शिकवलेलं होतं, आणि घर तिचं होतं.

“बाळ, जरा बाजूला हो हं,” डॉक्टरची बायको गोड आवाजात म्हणाली. “आमचा फोटो चाललाय.”

“कुठे होऊ?” खिंगने खरंच विचारलं. “मी इथेच राहते.”

खाचरातून फक्त थाविनचा आवाज येत होता, “अजून जोरात! अजून!”

ख्रू ओरावाननी मोबाइल खाली केला नाही. “राहू दे,” त्या म्हणाल्या. “जरा आत सरक, खिंग. हां. पेला दिसू दे.” आणि फोटो काढला. मग जुळ्यांतल्या दुसऱ्यासाठी आणखी एक, कारण फॉर्म दोन होते.

मग त्यांनी फॉर्म मांडीवर घेतला. “विद्यार्थ्याचं नाव, झालं. पालक, झालं. भेटीच्या वेळी हजर असलेल्या, घरात राहणाऱ्या इतर व्यक्ती…” त्यांनी मान वर केली. “तुझं पूर्ण नाव काय गं?”

“कन्निका. शर्टावर आहे.”

त्यांनी लिहिलं.

“अहो बाई, तिचं नाव कशाला?” डॉक्टरची बायको म्हणाली. “ती भाडेकरूंची आहे.”

“भाडेकरू राहतात कुठे?”

“इथेच की.”

“आणि तुम्ही?”

डॉक्टरच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आंब्याकडे पाहिलं. आंबा काही बोलला नाही. “लिहा,” डॉक्टर म्हणाले. “लिहा, लिहा. छान मुलगी आहे. दात पण चांगले आहेत.”

सायसुनी दारात उभी होती. किल्ली अजून हातात होती. ती तिने आत खिळ्याला अडकवली, मोठी कळशी भरली आणि खिंगच्या कानात म्हणाली, “सगळ्यांना पाणी द्यायचं. ज्याचा फोटो चालू असेल त्याला आधी.”

पोलिसाच्या मुलीच्या फोटोत खिंग डावीकडे आहे. बँकच्या फोटोत मधोमध, कारण बँकने तिला ओढून शेजारी बसवलं. त्याला तिची कोंबडी बघायची होती. एका फोटोत तिचा नुसता हात आणि ट्रे आला होता. ख्रू ओरावान म्हणाल्या, “हलला,” आणि पुन्हा काढला.

गोल्फचा नंबर आला तेव्हा त्याचा बाप गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेला होता. आठ वर्षांचा गोल्फ, तिसरीतला, पहिल्यांदाच हे घर बघत होता. गेली दोन वर्षं तो नेमका भेटीच्या दिवशी आजारी पडला होता.

“गोल्फ, तू झोपतोस कुठे?” ख्रू ओरावाननी विचारलं. फॉर्मात तसा रकाना आहे.

गोल्फने बापाकडे पाहिलं. बाप चिखल खरवडत होता. गोल्फने घराकडे पाहिलं, आंब्याकडे पाहिलं, आणि मग त्याचा चेहरा उजळला. त्याने कोपऱ्यातल्या खांबावरच्या, सोनेरी छपराच्या, लाल सोडा ठेवलेल्या जागेवाल्याच्या घराकडे बोट केलं. “त्या छोट्या घरात!”

पा समोनने दोन्ही हात जोडून जागेवाल्याची क्षमा मागितली. पोलीस इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि खिंगने त्याला पाणी दिलं. ख्रू ओरावाननी गंभीरपणे लिहिलं : ‘झोपण्याची सोय : स्वतंत्र.’ मग पुढच्या ओळीत लिहिलं : ‘इतर व्यक्ती : कन्निका.’

अकरा झाले. ऊन डोक्यावर आलं होतं. आता प्रत्येक फॉर्मावर घरधन्याची सही हवी होती, वर लिहिलेली माणसं या घरात राहतात अशी. ख्रू ओरावाननी गठ्ठा पा समोनपुढे ठेवला.

पा समोनने पहिला फॉर्म बघितला. ‘इतर व्यक्ती’पाशी तिचं बोट थांबलं. दहा कुटुंबं तिच्याकडे बघत होती. आणि सायसुनी बघत होती.

“माझा चष्मा घरी राहिला,” पा समोन म्हणाली.

सायसुनीने भरतकामाचा आपला चष्मा काढून तिच्या हातात दिला. “हा घाल. यातून सुईचं नाकसुद्धा दिसतं.”

पा समोनने चष्मा घातला. डोळे दुप्पट मोठे दिसायला लागले. ती कागदाकडे बघत बसली आणि सायसुनीला वाटलं, संपलं. आता ही म्हणेल, बाई, ते नाव खोडा. थाविन ओट्याच्या पायरीवर बसला होता, चिखलाचे हात गुडघ्यांवर.

खिंगने शेवटचा पेला भरला आणि दोन्ही हातांनी पा समोनपुढे धरला. “पा, तू सकाळपासून पाणीच प्यायली नाहीस.”

पा समोनने पेला घेतला. सगळा संपवला. मग पेन मागितलं.

“करते बाई सही,” ती कोणाकडेही न बघता पुटपुटली. “काय करणार. भीड पडते.”

“कोणाची गं, पा?” सायसुनीने विचारलं.

“हिची. दुसऱ्या कोणाची?” आणि तिने अकरा सह्या केल्या, एकेक, जीभ बाहेर काढून, शाळेतल्या पोरीसारख्या.

गाड्या उलट्या पावली गेल्या. गोल्फच्या बापाने थाविनला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. पोलिसाने जाताना सायसुनीला विचारलं, “शर्टावरचा चिखल निघेल का हो?” ती म्हणाली, “लिंबू लावा, आणि पुढच्या वर्षी आपल्या घरापुढे फोटो काढा.” तो पटकन गाडीत बसला.

ख्रू ओरावान स्कूटरवर बसल्या. टोपीची दोरी बांधता बांधता त्यांनी विचारलं, “शाळेची अक्षरं भरायला तुम्ही कुठला दोरा वापरता?”

“गडद निळा. सत्तावीस नंबर.”

“आणून ठेवा,” त्या म्हणाल्या आणि साकवाकडे वळल्या.

ते अकरा फॉर्म हेडमास्तरांनी मंगळवारी तुमच्या कचेरीत पाठवले, साहेब. सोबत एक चिठ्ठी : ‘शाळेच्या तपासणीत ८८/७ मध्ये एक मुलगी राहत असल्याचं अकरा वेळा आढळून आलं आहे. नोंद व्हावी.’ शाळेचा शिक्का आहे, घरधन्याची सही आहे, तारीख आहे. ख्रू ओरावान सरकारी माणूस आहेत, बदकवाल्यासारख्या नाहीत. हेडमास्तर म्हणाले, “तिकडून नाव चढलं की मी त्याच दिवशी घेतो. पहिलीत एक बाक मोकळा ठेवलाय.”

तुमचा शिपाई म्हणाला, कागद साहेबांच्या टेबलावर आहेत. आज शुक्रवार. शाळा सोमवारी उघडते.

खिंग रोज सकाळी शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन येते. एकशे त्रेचाळीस पावलं तिला पाठ झालीत, आता ती उलटी चालत मोजते. सायसुनीने आज दुपारी मशीनमध्ये सत्तावीस नंबरचा दोरा ओवला. शर्टाची मोकळी बाजू चौकटीत ताणून बसवली आणि मशीनचं बटण बंद ठेवून ती ओट्यावर येऊन बसली. थाविनने दोनदा विचारलं, “अगं, भरतेस का नाही?” ती म्हणाली, “मला काय विचारतोस?”

तेव्हा तुम्हालाच विचारायचं आहे. ते अकरा फोटो टेबलावर ओळीने मांडा. बाप बदलतात, आया बदलतात, पोरं बदलतात, एकात तर जागेवाल्याचा भाडेकरू आहे. पण हातात पाणी घेऊन उभी असलेली एक मुलगी अकराच्या अकरा फोटोंत तीच आहे. ८८/७ मध्ये राहतं कोण, साहेब? सोमवारच्या आत सांगा. दोरा ओवलेला आहे, अक्षरं भरायची की नाही?